सहलीला निघण्यापूर्वी ट्रेलरखाली डोकावा

आतले पडदे, ओटा आणि बिछाने सगळेच पाहतात. पण प्रवासात साऱ्या कुटुंबाचा जीव ज्याच्या भरवशावर असतो, ते सारे ट्रेलरच्या पोटाखाली असते.

जून २०२३ मधली गोष्ट. माझी मोठी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. त्या वर्षी तिने आणि भाऊजींनी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटेसे घर. आत झोपायची सोय, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सारे काही असते. नसते ते फक्त इंजिन.

ताईने हौसेने नवे पडदे शिवले, डबे भरले. मुलांनी आपापल्या झोपायच्या जागा वाटून घेतल्या. जवळपास सहाशे किलोमीटरवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात जायचे ठरले होते. नेमके त्याच वेळी आमचे आई-बाबा पहिल्यांदाच तिच्याकडे गेले होते.

बाबांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. निघायच्या आदल्या दिवशी सगळे त्यांना ट्रेलर आतून दाखवत होते. बाबांनी तो कौतुकाने पाहिला, मग बाहेर येऊन अंगणात वर्तमानपत्र पसरले आणि गुडघे टेकून खाली वाकले.

“हे खालून कुणी बघितलंय का?”

“आधीच्या मालकानं सगळं तपासून दिलंय, बाबा,” भाऊजी म्हणाले.

“त्यांनी बघितलं असेल हो जावईबापू. पण तुम्ही बघितलंत का?”

ताईला ते आवडले नाही. “बाबा, इथे असं कुणी करत नाही,” ती म्हणाली. पण बाबांनी टायरवरचे आकडे वाचून दाखवायला नातवाला बोलावले. शेवटचे चार आकडे होते २२१५. म्हणजे टायर २०१५ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. वरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या. मग जॅक लावून चाक हलवून पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचे मागचे चाक कुरकुरत डुलले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ते उघडले. बेअरिंगमधले ग्रीस सुकून करपले होते आणि आतले रोलर उष्णतेने निळसर पडले होते.

सहल एक आठवडा पुढे गेली. मुले रडली, ताई दिवसभर गप्प होती. पण त्या चाकावर सहाशे किलोमीटर जायचे म्हणजे काय, हे मेकॅनिकने समजावले तेव्हा तिनेच बाबांना चहा नेऊन दिला.

ज्याला इंजिन नाही, त्याचे काय बघायचे?

हा प्रश्न अनेकांना पडतो. खरी गोम इथेच आहे. मोटारीत काही बिघडले तर चालवणाऱ्याला आवाज येतो, स्टिअरिंग थरथरते, समोर दिवा लागतो. ट्रेलर मागून ओढला जात असतो. त्याचे टायर बसले किंवा बेअरिंग तापले तरी पुढे बसलेल्याला बराच वेळ पत्ताही लागत नाही. बेअरिंग पार जळले तर धावत्या गाडीचे चाक निखळू शकते, आणि ते मागून येणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी मोटारीवर आदळू शकते.

शिवाय ट्रेलर वर्षातले कित्येक महिने एकाच जागी उभा असतो. उभ्या गाडीचे काही झिजत नाही, असे आपल्याला वाटते. पण रबर उन्हाने तडकते, ग्रीस कोरडे पडते, ओलीने गंज चढतो आणि उंदीर घर करतात. ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खालच्या लोखंडाला चिकटून राहिले की गंज आणखी फोफावतो.

खाली जाण्यापूर्वी

तपासणीच्या हौसेपायी जीव धोक्यात घालू नका. ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर उभा करा. तो मोटारीला जोडलेलाच ठेवा, मोटारीचा हँडब्रेक ओढा आणि जे चाक उचलायचे नाही त्याच्या पुढे-मागे ठोकळे लावा.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक सटकायला क्षणही पुरतो. उचललेले वजन सांगाड्याखाली ठेवलेल्या मजबूत लोखंडी स्टँडवर टेकवा आणि मगच काम करा. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे पाय असतात, ते मुक्कामात ट्रेलर डुलू नये म्हणून असतात. ते उचलण्यासाठी वापरू नयेत. जॅकही आसाच्या नळीला लावू नये, ती वाकू शकते. तो कुठे लावायचा, हे ट्रेलरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते.

डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि एक चांगली बॅटरी हवी. घरातले एक मोठे माणूस बाहेर उभे असावे. मुलांना मात्र त्या वेळी दूर ठेवावे.

चाके, टायर आणि बेअरिंग

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा आणि ट्रेलरवरच्या पट्टीत दिल्याप्रमाणे भरा. नक्षी एकाच कडेला झिजली असेल तर आस वाकलेला असण्याची शक्यता असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आणि मधला भाग झिजला असेल तर ती जास्त होते, असे समजावे.

टायरचे वय नक्षीवरून ठरवू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षे झाली की ते बदलावेत, असा जाणकारांचा सल्ला असतो. जादा टायरचे वयही पाहावे, कारण त्याच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवा, मग हाताने फिरवा. ते डुलत असेल किंवा घरघरत असेल तर बेअरिंग उघडायला हवे. साधारणपणे दर वर्षी किंवा १२,००० मैल, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटर झाल्यावर बेअरिंग साफ करून नवे ग्रीस भरावे लागते. काही ट्रेलरना बंद बेअरिंग असते, त्यांचे नियम वेगळे. म्हणून पुस्तिका पाहावी.

चाक काढून बसवले असेल तर सुमारे १६, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा योग्य जोराने आवळावेत. नवे बसवलेले नट सुरुवातीच्या प्रवासात सैल पडतात.

पाटे, सांगाडा आणि खालचे आवरण

बऱ्याच ट्रेलरमध्ये चाकांवर पोलादी पाटे असतात. पाट्याला चीर गेली आहे का, तो सरकला आहे का, हे पाहावे. दोन पाट्यांना जोडणाऱ्या लहान पट्ट्यांची भोके झिजून लांबट होतात. आतले प्लास्टिकचे बुश झिजले की लोखंडावर लोखंड घासू लागते. ही किरकोळ वाटणारी पट्टी तुटली तर आस जागचा हलतो.

सांगाड्यावरचा वरवरचा गंज ब्रशने खरवडून, गंजरोधक लावून रंगवता येतो. पण पापुद्रे सुटत असतील किंवा वेल्डिंगच्या जोडाजवळ केसासारखी रेघ दिसत असेल, तर त्यावर रंग फासून समाधान मानू नये. ते काम जाणत्या वेल्डरचे आहे. खारट रस्त्यावरून आल्यावर खालचा भाग साध्या पाण्याने धुवावा. जोराचा फवारा मात्र बेअरिंगच्या सीलवर आणि तारांवर मारू नये.

पुष्कळ ट्रेलरच्या पोटाला प्लास्टिकच्या पत्र्याचे आवरण असते. त्याच्या वर पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि तारा असतात. आवरण कुठे पोट सुटल्यासारखे लोंबत असेल तर वर पाणी साचले आहे, असे बहुधा समजावे. गळती न शोधता नुसते छिद्र बुजवले तर वरची लाकडी जमीन कुजू लागते. नळ्या आणि तारा जिथून आत जातात तिथल्या फटी स्टीलच्या काथ्याने बुजवाव्यात. एवढ्याशा फटीतून उंदीर शिरतो आणि तारा कुरतडतो.

गॅसची नळीही खालूनच जाते. तिच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर टाकीची तोटी बंद करून जाणकाराला बोलवावे. काडी पेटवून गळती कधीही शोधू नये.

जोडणी आणि ब्रेक

पुढच्या दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या घालून मोटारीला अडकवतात. जोड निसटलाच तर ट्रेलरचे तोंड रस्त्यावर न आदळता त्या झोळीत पेलले जाते. एक बारीक दोरी आपत्कालीन ब्रेकच्या कळीला बांधलेली असते. ट्रेलर सुटला की ती ओढली जाते आणि ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात. ही दोरी साखळीला नव्हे, थेट मोटारीला अडकवावी. ट्रेलरची बॅटरी उतरलेली असेल तर ही सारी व्यवस्था निरुपयोगी ठरते. चाकांच्या ब्रेककडे जाणाऱ्या तारा लोंबत नाहीत ना, हेही पाहावे.

आपल्याकडे काय?

ट्रेलर ओढत फिरण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी बहुतेक घरांत असते ती साधी मोटार. पण पोटाखाली डोकावण्याची सवय मोटारीलाही तितकीच उपयोगी आहे. पावसाळा संपल्यावर, कोकणातल्या किनाऱ्यावरून आल्यावर किंवा गावच्या खडबडीत रस्त्यावर खालून काही आपटल्यावर एकदा गॅरेजमध्ये गाडी वर उचलून घ्या आणि मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून स्वतः पाहा. जुनी गाडी विकत घेताना तर हे टाळूच नका.

बाबा म्हणतात, पूर्वी बैलगाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. वाटेत थांबले की गाडीवान आधी आसाला वंगण घाली, मग भाकरी सोडी. गाडी बदलली तरी आस आणि चाक तेच आहे.

आठवड्यानंतर ताईची सहल झाली. पहिल्या थांब्यावर मुले खाऊच्या दुकानाकडे धावली, तेव्हा बाबा चारही चाकांजवळ जाऊन हबजवळ हात नेऊन धग घेत होते. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे, असे समजायचे. हात भाजू नये म्हणून भाऊजींनी मग दुरून उष्णता मोजणारे छोटे यंत्र घेतले.

आई-बाबा आता परत आले आहेत. ते यंत्र नातीच्या ताब्यात आहे. प्रत्येक थांब्यावर ती चारही चाकांचे आकडे वहीत लिहिते आणि त्या पानाचा फोटो आजोबांना पाठवते. आजोबांचे “ठीक आहे” आल्याशिवाय तिची आई गाडी पुढे काढत नाही.