दाब, धर, सोड!

आमच्या दारातली फियाट बघून येणारा-जाणारा हमखास दोन प्रश्न विचारतो. 'ॲव्हरेज किती देते?' आणि 'पार्ट मिळतात का?' ब्रेक कसे आहेत, हे आजवर कुणीही विचारलेले नाही. खरे सांगायचे तर आम्ही घरातल्यांनीही तो प्रश्न कधी विचारला नव्हता. गेल्या वर्षी गणपतीच्या पंधरा दिवस आधी तो विचारायची वेळ आली.

कोल्हापुरात संध्याकाळच्या गर्दीत सिग्नलला उभा होतो. पाय ब्रेकवर. आणि पायाखालचे पेडल, खालून कुणी हळूच ओढून घ्यावे तसे, सावकाश खाली जाऊ लागले. पाय उचलून दोनदा पंप मारला, तर ते पुन्हा वर आले, घट्ट झाले. पाय ठेवून राहिलो की पुन्हा तेच. गणपतीला रत्नागिरीकडच्या गावी जायचे होते. वाटेत आंबा घाट, आणि मागच्या सीटवर आई नि माझी मुलगी.

ही गाडी वडिलांनी 1984 साली घेतली. कागदोपत्री ती 'प्रीमियर पद्मिनी'. पण आमच्याकडे, आणि निम्म्या महाराष्ट्रात, तिला फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट' बाहेर पडू लागली आणि 1974 मध्ये तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची शेवटची पद्मिनी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच, 2023 च्या ऑक्टोबरात, तीही रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्यांना मात्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते. त्या आधारावर आमची गाडी अजून दारात आहे.

मिस्त्रींनी आधी चारी चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहिले. कुठे ओल नाही. पाइप कोरडे. बाटलीतले ब्रेक ऑइल जिथल्या तिथे. मग इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरले. ते हळूहळू बसले. "मास्टर सिलिंडर गेला," ते म्हणाले. "बाहेर गळत नाही, आतल्या आत पळतंय."

आतल्या आत म्हणजे कसे? आपण पेडल दाबतो तेव्हा एक दांडी लहानशा नळकांड्यातला दट्ट्या पुढे ढकलते. त्याच्या तोंडाशी रबराची वाटी असते. वाटी पुढे सरकली की समोरचे ऑइल कोंडले जाते आणि तो दाब पाइपांतून चारी चाकांपर्यंत जातो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा शाळेत घोकलेला पास्कलचा नियम तो हाच. समजा, पायाचा जोर वीस किलो आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर दट्ट्यावर शंभर किलो पडतात. दट्ट्याचे तोंड तीन चौरस सेंटिमीटरचे असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला तेहतीस किलोंचा दाब तयार होतो. एक टन वजनाची गाडी थांबते ती एवढ्याशा रबरी वाटीच्या भरवशावर. तिची कड झिजली की ऑइल तिला वळसा घालून मागे येते आणि पेडल खाली बसते. आमच्या गाडीत चारी चाकांना मिळून एकच सर्किट. ते गेले की उरतात तारेवरचा हँडब्रेक, गिअर आणि देवाचे नाव.

"किट टाकू या," मिस्त्री म्हणाले. किट म्हणजे वाट्या, वायसर नि धुळीचे रबर. थोडक्यात काम. वडिलांनीही दोनदा किटच टाकले होते. पण सिलिंडर खोलून उजेडाकडे धरला तेव्हा आतल्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे दिसले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. कोल्हापूर-कोकणच्या पावसात तर भरपूरच. ते पाणी आतून लोखंड खाते. शिवाय नवे डॉट 3 ऑइल साधारण 205 अंशांना उकळते. पुरेसे पाणी मुरले की तेच 140 अंशांच्या आसपास. घाटात ड्रम तापले की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे देत नाही. ऐन उतारावर पाय पोकळीत जातो.

खड्ड्यांवरून नवी वाटी फिरवली तर तीही महिन्या-दोन महिन्यांत फाटणार. आता दोन वाटा होत्या. एक, उद्यमनगरात लेथवर भोक मोठे करून आत पितळी स्लीव्ह बसवून घेणे. दुसरी, नवा सिलिंडर. स्लीव्हचे काम चांगले होते, पण हातात दिवस थोडे होते. मिस्त्रींनी दोन दुकाने पालथी घालून जुन्या साठ्यातला एक कोरा सिलिंडर आणला. तोही तसाच बसवला नाही. खोक्यात पडून रबर कडक होते, म्हणून आतल्या वाट्या नव्या घातल्या, त्याही ब्रेक ऑइलमध्ये भिजवून. इथे इंजिन ऑइलचा किंवा ग्रीसचा हात लागला की रबर फुगते आणि सगळे मुसळ केरात.

बसवताना मिस्त्री एका गोष्टीवर अडून बसले. दांडी आणि दट्ट्या यांच्यात किंचित मोकळी चाल हवीच. पेडल सोडल्यावर दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच ऑइलला बाटलीत परतायचे बारीक छिद्र उघडते. चाल ठेवली नाही तर छिद्र बंद राहते, तापलेले ऑइल कोंडते आणि चाके आपोआप जाम होतात.

मग राहिली हवा काढणे. हे दोघांचे काम. एकाने पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकामागचा निपल सैल करायचा, बुडबुडे बाटलीत सोडायचे, निपल आवळायचा आणि मगच 'सोड' म्हणायचे. सुरुवात सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून; शेवट चालकाजवळच्या चाकाशी. मुलगी उत्साहाने बसली; पण दोन वेळा निपल आवळायच्या आत तिने पाय उचलला आणि बाहेर आलेली हवा पुन्हा आत गेली.

ओट्यावर बसलेली आई उठली. "सर बाजूला," नातीला म्हणाली. साडी सावरून चालकाच्या सीटवर बसली. "सांगा हो मिस्त्री."

"दाबा... धरा... सोडा."

एकदाही चुकली नाही. चारी चाके झाली. तिने कधी गाडी चालवलेली नाही. "तुझ्या बाबांबरोबर दर दोन वर्षांनी हेच करत होते," ती म्हणाली. "ते 'सोड' म्हणेपर्यंत मी श्वाससुद्धा सोडत नसे. तुम्ही तेवढं बंद केलंत."

खरेच होते. वडील गेल्यानंतर आम्ही गाडीला दोनदा रंग दिला, सीट कव्हरे बदलली, क्रोम चमकवून घेतले. ब्रेक ऑइल मात्र एकदाही बदलले नव्हते. दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च झाला. ज्यावर जीव टांगलेला होता, ती गोष्ट अंधारात गंजत राहिली.

शेवटी पेडल दोन मिनिटे जोराने दाबून धरले. तसूभरही हलले नाही. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून पाहिले. रिकाम्या मैदानात हळू चालवून ब्रेक लावले, नंतर आठवडाभर गावातच फिरवली, प्रत्येक वेळी चाकांना हात लावून कुठले तापत नाही ना, ते पाहिले. मगच घाटाचा विचार केला.

आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली चहाला थांबलो, तेव्हा टपरीवाल्याने विचारलेच, "ॲव्हरेज किती देते हो?"

मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून आई म्हणाली, "ते राहू दे. ब्रेक चांगले आहेत."