वर्षाचा चित्रपट-आढावा : निवाडा आणि आकलन

१९५३ सालच्या चित्रपटांचे मूल्यमापन करून १९५४ साली पहिले राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स लाभले, तर बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र. एकात कोकणातील दारिद्र्यातही मातेचे संस्कार तेवत राहतात. दुसऱ्यात शेत वाचविण्यासाठी शेतकरी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. वरवर पाहता ही दोन भिन्न विश्वे होत. परंतु दोन्ही घरे मोडतात ती कर्जापायीच. पदकाने क्रम तेवढा ठरतो. हे साम्य त्यातून उमगत नाही. म्हणून वर्षभरातील चित्रपटांचा आढावा घेणाऱ्या समीक्षकाने निवाड्यापूर्वी कलाकृती परस्परांशेजारी ठेवून पाहाव्यात. त्या वर्षाची व्यथा तेव्हाच प्रकट होते.