हातातली शीर आधीच राखा

डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त लागतं. हातावरच्या साध्या शिरेतून तेवढं येत नाही आणि खोलवरच्या धमनीत आठवड्यातून तीनदा सुई खुपसणं परवडत नाही. 1960 मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातावरच ठेवून वाट काढली. पण ती गुठळ्यांनी तुंबे, जंतूंना दार उघडून देई. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी मनगटाजवळ धमनी थेट शिरेला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. धमनीच्या दाबाने शीर फुगते, जाड होते. हाच फिस्टुला. मात्र तो तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात, म्हणून डायलिसिस सुरू होण्याआधीच तो करून ठेवायला हवा. ‘आत्ता बरं वाटतंय, मग कशाला?’ म्हणत थांबलेल्यांना ऐनवेळी मानेतल्या शिरेत नळी, म्हणजे कॅथेटर, घ्यावा लागतो.

कॅथेटरवाले रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात, म्हणून त्यांच्यातल्या संसर्गाचे आकडे वाईट दिसतात, हा आक्षेप काही अंशी खराच. तरी त्वचेतून थेट रक्तात गेलेली नळी जंतूंची वाट ठरतेच. अतिवृद्ध किंवा हृदय दुबळं असलेल्यांत मात्र फिस्टुलाचा हट्ट नको. बाकीच्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची खूण) वाढू लागताच कमी वापरातल्या हाताच्या शिरा सलाईनपासून वाचवाव्यात. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नको, घट्ट बांगडीही नको. रोज बोटांनी फिस्टुलावरची थरथर तपासावी. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.