डाव्या चाकाची धग

दिवे घाट उतरताना आमची मारुती डावीकडे ओढू लागली, तेव्हा मी प्रथम रस्त्याला दोष दिला. मराठीच्या प्राध्यापकाला यंत्रातला दोष नेहमी शेवटीच सुचतो! जेजुरीहून परतत होतो. मागे आई आणि दोन्ही मुले, शेजारी सौ. अर्ध्या घाटात जळका वास आला. गाडी बाजूला घेऊन पाहतो तो पुढचे डावे चाक इतके तापलेले की जवळ हात नेण्याची सोय नाही. उजवे नुसते कोमट. खरे तर गाडी तिथूनच ओढून न्यायला हवी होती. पण तासभर थांबून, पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून आम्ही खाली आलो.

घरी पोचल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "ही नीट झाल्याखेरीज मुलांना हिच्यात बसवायचं नाही."

वडिलांनी १९९८ साली घेतलेली ही मारुती ८००. वडील आता नाहीत. ती विकण्याचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही; त्या दिवशी तो न काढताच निघाला.

माझा एक जुना विद्यार्थी जवळच गॅरेज चालवतो. मराठीत मी त्याला कसाबसा पस्तीस गुणांपर्यंत पोचवला होता. मला पाहून त्याने एक स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाला, "बसा सर, आज तुम्ही बाकावर."

मागच्या चाकांना उटी लावून, नट आधी सैल करून मगच त्याने जॅक लावला, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली घोडी दिली. चाक निघाले तशी आतली बिडाची तबकडी दिसली. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा तो कॅलिपर. १९०२ साली इंग्लंडात लँचेस्टरने अशा ब्रेकचे पेटंट घेतले. पण १९५३ साली ल मां येथील शर्यत जॅग्वारने या ब्रेकांवर जिंकली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले.

दोन बोल्ट काढून त्याने कॅलिपर उचलला आणि तारेने वर टांगला. रबरी नळीवर भार पडला तर ती आतून तुटते म्हणे. अडकलेला पिस्टन काढण्याची त्याची युक्ती मला फार आवडली. नळी सोडण्याआधीच मला हळूहळू ब्रेक दाबायला लावून त्याने तेलाच्या जोरावरच पिस्टन बराचसा बाहेर आणला. उरलेले काम, समोर लाकडी ठोकळा ठेवून, हवेच्या झोताने. "मध्ये बोट ठेवलं तर बोट गेलं, सर."

आता खरी गंमत. पिस्टनभोवती आतल्या खाचेत एक चौकोनी कापाचे रबरी कडे असते. मी समजत होतो, ते केवळ तेल अडवते. पण ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि हे कडे त्याच्याबरोबर किंचित पिळले जाते; पाय उचलला की ते पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. ड्रम ब्रेकसारखी स्प्रिंग इथे नाही. चाक मोकळे करणारे जे काही आहे, ते हे एवढेसे रबर! आमच्या गाडीत वरचे धूळ-रबर फाटले, पाणी शिरले, पिस्टन गंजला, आणि बिचाऱ्या कड्याला तो मागे ओढवेना.

मी सुचवले, "पॉलिश पेपरने घासून घे की."

त्याने पिस्टन माझ्या हातात दिला. "नख फिरवा." नख अडकले. "तिथूनच तेल निसटणार. घरची माणसं बसतात ना हिच्यात?"

नवा पिस्टन आला. जुने कडे त्याने बांबूच्या काडीने काढले, कारण लोखंडाने खाचेवर ओरखडा उठतो. सारे भाग ताज्या ब्रेक ऑइलने धुतले. पेट्रोल वा रॉकेल लागले तर रबर फुगते. नवे कडे त्याच तेलात भिजवून बसवले आणि पिस्टन अंगठ्यांनी, सरळ रेषेत आत ढकलला. सरकत्या पिनांना रबराला चालणारे खास ग्रीस, नळीला तांब्याचे नवे वायसर. दुसऱ्या चाकाचेही रबर आणि पॅड बदलले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी पुन्हा ओढणारच.

मग हवा काढणे. "दाबा... धरा... सोडा," असा पाठ तासभर चालला. काचेच्या बाटलीत आधी काळपट तेल आणि बुडबुडे, मग स्वच्छ धार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे डॉट ३ चे, ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा प्यालेले १४० च्या सुमारासही उकळू शकते. मग तेलात वाफ होते, आणि घाटात पाय नुसता खाली जातो. हे ऐकून माझ्या पायांतले बळच गेले.

बिलावर त्याने 'दुरूस्ती' लिहिले होते. माझा हात सवयीने खिशातल्या तांबड्या पेनाकडे गेला, आणि तसाच परत आला.

गेल्या रविवारी पुन्हा दिवे घाट उतरलो. पायथ्याशी सौ.ने गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून तिने दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात नेला. आधी डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. काही न बोलता येऊन बसली आणि मुलांना म्हणाली, "काचा खाली करा रे, वारा येऊ दे."