टीव्ही जुना होतो, सहल होत नाही

नवा टीव्ही भिंतीवर चढला की आठवडाभर घरात त्याचंच कौतुक. महिन्याभरात मन सरावतं आणि टीव्ही भिंतीचाच भाग होतो. सहलीचं तसं होत नाही. हरिहरेश्वरला जाताना आमची गाडी बंद पडली, भर पावसात टपरीच्या पत्र्याखाली तीन तास काढले, एका छत्रीत चौघं. आज पाहुण्यांना सगळ्यात रंगवून सांगितला जातो तो हाच किस्सा!

अनुभवांवरचा खर्च वस्तूंपेक्षा जास्त सुखावतो, हे लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अभ्यासातून मांडलं. एक कारण तुलनेचं. शेजाऱ्याचा टीव्ही मोठा निघाला की आपला लहान वाटू लागतो; टपरीखालच्या त्या तीन तासांची तुलना कशाशी करणार? शिवाय अनुभव बहुधा आपल्या माणसांसोबत घेतलेला असतो.

मात्र २०१८ मधल्या एका संशोधनात कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये हा फरक दिसला नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. ज्या घरात पहिलाच फ्रीज येतो, तिथे उन्हाळ्यात दूध नासत नाही, उरलेली भाजी टाकावी लागत नाही.