आधी ओळखपत्र, मग चहा
तारकर्लीतल्या आमच्या घराच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. बुकिंग एकाच्या नावावर असतं आणि गाडीतून सहाजण उतरतात. खरी काळजी तिथूनच सुरू होते. म्हणून मी प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघतेच. मोबाइलमधला फोटो मला पुरत नाही, कारण फोटोतलं नाव बदलणं फार सोपं झालंय. आधारवरचा क्यूआर कोड अधिकृत अ‍ॅपने स्कॅन केला की कार्ड खरं की खोटं ते तिथल्या तिथे कळतं. परदेशी पाहुणा असला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. तसा कायदाच आहे.

काहीजण चिडतात, "आम्ही काय चोर वाटलो का?" त्यांचा राग मला समजतो. आपली झेरॉक्स पुढे कुठे जाते, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी मास्क्ड आधारच घेते. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

पाहुणेही फसतात. दुसऱ्याच्या घराचे फोटो टाकून आगाऊ रक्कम उकळणारे आहेत. तेव्हा पैसे पाठवण्याआधी घरमालकाला व्हिडिओ कॉल करा आणि घर, अंगण, खोली फिरून दाखवायला सांगा.