विश्लेषण : ड्यूक एलिंग्टन यांचे खरे वाद्य कोणते होते?

पुलित्झर पुरस्काराच्या संगीत परीक्षकांनी १९६५ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांना समग्र कारकीर्दीसाठी विशेष सन्मान देण्याची शिफारस केली. पुलित्झर मंडळाने ती फेटाळली. दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. ६६ वर्षांचे एलिंग्टन मात्र हसत म्हणाले की, आपण इतक्या लहान वयात फार प्रसिद्ध होऊ नये, अशी नियतीची इच्छा दिसते.

नकार का खुपला?

कारण तोवर त्यांच्या नावावर शेकडो रचना होत्या. १८९९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जन्मलेले एलिंग्टन १९२७ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममधील ‘कॉटन क्लब’मध्ये वाजवू लागले. तेथे कलाकार कृष्णवर्णीय आणि गिऱ्हाईक गोरे! पण तेथूनच रेडिओने त्यांचे संगीत देशभर नेले. १९४३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारी ‘ब्लॅक, ब्राऊन अँड बेज’ ही दीर्घ रचना सादर केली. पुलित्झरचा विशेष सन्मान आला तो १९९९ मध्ये, निधनानंतर २५ वर्षांनी.

मग वाद्य कोणते?

ते पियानो वाजवत, पण त्यांचे खरे वाद्य म्हणजे त्यांचा वाद्यवृंद. ते नुसते सॅक्सोफोनसाठी लिहीत नसत; जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनसाठी लिहीत. माणूस बदलला की तीच सुरावट वेगळी लागणार, हे त्यांना ठाऊक होते. हॅरी कार्नी १९२७ पासून एलिंग्टन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, सोबत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे बँड एकामागून एक बंद पडले, तेव्हा एलिंग्टन यांनी रॉयल्टीचे पैसे ओतून आपला बँड चालू ठेवला. हिशेबाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच व्यवहार; पण लिहिलेले लगेच ऐकायला मिळे.

याच घरात १९३९ पासून बिली स्ट्रेहॉर्न होते. बँडची ओळख ठरलेले ‘टेक द ए ट्रेन’ त्यांचेच, मात्र अनेक श्रोते ते एलिंग्टन यांचेच समजत. स्ट्रेहॉर्न यांच्या वाट्याचे श्रेय बराच काळ झाकलेलेच राहिले.

भारताशी नाते काय?

१९६३ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर बँड दिल्ली, मुंबईसह भारतात आला. त्यातून ‘फार ईस्ट सूट’ घडला. नाव अतिपूर्वेचे, मुलूख बहुतेक भारत आणि पश्चिम आशियाचा! त्यातील एक रचना दिल्लीत ऐकलेल्या मैनेवर आहे. तिची शीळ जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटमधून ऐकू येते.